गाठीचा पत्ता

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, काल फोनवर आईच्या गाठीबद्दल तुम्ही पुन्हा पुन्हा तेच विचारत होतात, "आधी अंडाशय म्हणाले, मग गर्भाशयातली फायब्रॉइड, आता आतडं. मग खरं काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आईची गाठ लहान आतड्याच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला वाढली होती. हे आतडं एका जागी राहत नाही, त्याची वेटोळी ओटीपोटात उतरतात. त्यामुळे गाठ गर्भाशयाला टेकून बसली. शिवाय पाळी गेल्यावर अंडाशयं इतकी आकसतात की सोनोग्राफीत बऱ्याचदा सापडत नाहीत. गाठ दिसतेय आणि अंडाशय दिसत नाही, म्हटल्यावर पहिला संशय तिथेच जाणार. अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात रक्तात बघतात ते सीए-१२५ नॉर्मल होतं, पण तेवढ्यावर कुणी निर्धास्त होत नाही.

एमआरआयमध्ये दोन्ही अंडाशयं वेगळी दिसली. गाठ फायब्रॉइडसारखीच गडद होती, म्हणून तसं निदान झालं. मात्र फायब्रॉइडला रक्त गर्भाशयातून मिळतं, आणि इथे गर्भाशयातून तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसत नव्हत्या. रिपोर्टात याबद्दल एकच ओळ होती. मी डॉक्टर असून ती वाचून पुढे गेले, याची चुटपुट अजून जात नाही.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा तेवढा तुकडा काढून टोकं जोडली. खरी धास्ती मला त्यानंतर होती, तुमच्यापाशी बोलले नाही. लहान आतड्यात अशी गाठ म्हटली की आधी जिस्ट मनात येते, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारी, कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ. ती स्नायूच्या साध्या गाठीपेक्षा जास्त आढळते आणि तिचा भरवसा नसतो. साध्या स्लाइडवर दोन्हींच्या पेशी लांबटच दिसतात. म्हणून विशेष तपासण्या लावल्या. त्या स्लाइड मी पॅथॉलॉजिस्टबाईंच्या शेजारी बसून बघितल्या. जिस्ट ओळखायच्या सीडी-११७ची स्लाइड निळीच राहिली, एरवीही हा रंग घेणाऱ्या तुरळक मास्ट पेशी तेवढ्या तपकिरी. म्हणजे तपासणी नीट झाली होती, गाठीनंच रंग घेतला नव्हता. जिस्टच्याच दुसऱ्या तपासणीत, डॉग-१मध्येही, गाठीनं रंग घेतला नाही. स्नायूची खूण असलेल्या डेस्मिनला मात्र सगळी गाठ तपकिरी! विभाजन होत असलेली पेशी शोधूनही सापडेना. लायोमायोमा, म्हणजे स्नायूची साधी गाठ, कॅन्सर नाही. मी तिथेच रडले.

बाबा, फायब्रॉइडही याच जातीची, अनैच्छिक स्नायूंची गाठ. एमआरआय बघणाऱ्यांनी जात बरोबर ओळखली होती, पत्ता चुकला. त्यांच्यावर रागावू नका.

आई, जड काही उचलू नकोस. आणि बाबा, हा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. पुढे कुणीही पोट तपासलं, तर आतडं जोडलेलं आहे हे त्यांना आधी कळायला हवं.

तुमची लेक