होडीवाले दादा, जातं घरी पोचलं

होडीवाले दादा, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्हीच म्हणालात की नाव, फोटो काही टाकू नका, नाहीतर लोक देऊळ बघायला म्हणून फोन करकरून डोकं खातील. पण आभार मानल्याशिवाय राहवेना. त्या दिवशी काकीच्या अंगणात मला नीट बोलताच आलं नाही आणि परत येताना होडीत तुम्ही सगळा वेळ आयपीएलवरच बोलत होतात, मुद्दामच बोलत होतात हे मला घरी आल्यावर कळलं.

इतरांना थोडं सांगतो. माझे वडील पळसदेवला शाळेत गुरुजी होते. जुन्या पळसदेवला, म्हणजे जे आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे ते. १९७५ ला वडिलांची बदली झाली तेव्हा मी तिसरीत, धरणाचं काम चालूच होतं आणि गाव उठणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण म्हणून कोणी पेरणी थांबवली नव्हती. पुढे पाणी अडवलं, गाव हायवेच्या बाजूला वर सरकलं, माणसं पांगली. आमच्या शेजारच्या काकी, जिच्या घरी मी आमच्या घरापेक्षा जास्त जेवलोय, ती कुठे गेली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पत्रं दोन-तीन गेली, मग तीही थांबली.

२०२४ च्या मे मध्ये उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. उणे म्हणजे ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात जो ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा साठा, असतो त्यातलंच पाणी उपसणं चाललं होतं, सोलापूरकडे लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि इकडे जुन्या गावातलं, एरवी पाण्यात असलेलं पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं म्हणून आमच्यासारखे हौशे निघाले बघायला. जरा लाज वाटते लिहायला, पण खरं आहे. पुण्याहून भिगवण, डाळज करत नव्या गावात पोचलो, टपरीवर चौकशी केली तर काकीला ओळखणारं कोणी भेटेना, आडनाव सांगितलं तर त्या आडनावाची वीसेक घरं निघाली. बायको म्हणाली आता आलोच आहोत तर देऊळ तरी बघू.

आणि काठावर तुम्ही जाळं निवडत बसला होतात.

चिखलात माझी एक चप्पल कायमची गेली ती सोडा. (तुम्ही आधीच म्हणाला होतात, "वरून वाळल्यालं दिसतंय काका, खाली पाय जातोय." ऐकलं नाही.) देवळाच्या पायरीवर उभं राहून मी सहज विचारलं, शाळा कुठे होती हो? तर तुम्ही वल्हं उचलून पाण्याकडे दाखवलंत, "ती तिथं. शाळंला आमचं जाळं लय येळा फाटलंय." मी बघतच राहिलो. तुमचा जन्म गाव बुडाल्यानंतरचा, तुम्ही ते गाव कधी चालून बघितलेलं नाही, पण जाळं अडकलं की तुमचे वडील सांगायचे ही अमक्याची भिंत, हा तमक्याचा वाडा, आणि तुम्हाला अख्खं गाव असं फाटलेल्या जाळ्यांवरून पाठ. मग मी म्हटलं, वेशीजवळ चिंचेखालचं घर? तर तुम्ही हसलात, "चिंचंचा बुंधा हाय की अजून! तिथं तर आम्ही जातच न्हाय."

मग तुम्ही खिशातून फोन काढून आधी तुमच्या वडिलांना, त्यांनी सांगितलेल्या कुणाला, मग आणखी कुणाला, उन्हात उभं राहून अर्धा तास. शेवटी पत्ता लागला. काकी लेकीकडे, पलीकडच्या काठाला करमाळा तालुक्यात. गाडीने जायचं तर डिकसळच्या पुलावरून भलामोठा वळसा, तुम्ही म्हणालात बसा होडीत.

काकी आता पंच्याऐंशीच्या आसपास. दिसतं कमी, पण मी "काकी" म्हटल्यावर तिने माझी हनुवटी चाचपली, खालची खोक सापडली (तिच्याच उंबऱ्यावर पडलो होतो) आणि म्हणाली, "गुर्जींचं थोरलं ना रं? इतक्या उशिरा व्हय यायचं?" दुसरं काही नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चिलापी माशाचं कालवण, तुम्हीही जेवलात, तुम्हाला माहीतच आहे.

पण जात्याचं तुम्हाला नीट कळलं नसेल. आम्ही निघालो तेव्हा ट्रकात जागा नव्हती म्हणून आईने जातं काकीकडे ठेवलं, "नंतर नेते" म्हणून. गाव उठलं तेव्हा काकीने ते बैलगाडीत घालून वर नेलं, लेकीकडे आली तेव्हा ते पण आलं. तिथे त्याला शेळी बांधत होते. काकी म्हणाली, तुझ्या आईचंय, घिऊन जा, माझ्या डोक्याचा ताप गेला! मी नको नको म्हणत होतो तोवर तुम्ही जात्याची तळी खांद्यावर घेतलीसुद्धा. होडी एका बाजूला कलली होती, बायकोने रामरक्षा सुरू केली होती, आणि तुम्ही विचारत होतात यंदा चेन्नई जाईल का पुढे.

पैसे तुम्ही घेतले ते फक्त डिझेलचे. यावर मी भांडणार नाही, तुम्ही ऐकणारे नाही.

जातं आमच्या बाल्कनीत आहे. आईने पहिल्या दिवशी पाळीवर हात फिरवला, म्हणाली टाके (दळायला दगडात पाडलेल्या खाचा) पार झिजलेत, म्हणजे काकीने दळलंय यावर बरंच, आणि खूश झाली. काकीशी आता दर रविवारी फोन असतो, दोघींना ऐकू कमी येतं त्यामुळे सोसायटीला सगळं ऐकू जातं. फक्त खुंटा नाहीये. तुम्ही बाभळीचा करून देतो म्हणाला होतात. आठवण म्हणून लिहिलं, घाई काही नाही, पण आई रोज विचारते.