बुटांच्या खोक्यातले दाखले

एडिसन, न्यू जर्सी
17 ऑगस्ट 2025

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी धड उत्तर दिलं नाही, ते तेव्हापासून मनात सलतंय. "तुझं पोरगं रीतसर कागदपत्रं करून गेलं. मग चोरवाटेनं आलेल्यांच्या मुलांसाठी तू कशाला पळतेस?" असं म्हणालीस. रागानं नाही, काळजीनं म्हणालीस, ते कळलं मला. फेब्रुवारीत अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, 104 माणसं हातापायांत बेड्या घालून परत पाठवलेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले 3 होते. ते तू टीव्हीवर बघितलंस, आणि वर माझा फोटो, चर्चच्या पायऱ्यांवर फलक धरून. घाबरणारच तू.

आधी एक कबूल करते. पाच वर्षांपूर्वी मीही हेच बोलायचे. इथल्या आपल्या बायका भिशीला जमल्या की विषय ठरलेला असायचा: आपण वर्षानुवर्षं रांगेत ताटकळायचं आणि यांनी कुंपण ओलांडून यायचं. मीही मान डोलवायचे. ह्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज नोव्हेंबर 2013 चा, आणि आपल्या लोकांच्या रांगेत 2025 च्या या ऑगस्टात 2013 च्या जानेवारीच्या आधीचे अर्ज घेतायत. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्क्यांच्या आसपास. अशा रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा जीव आंबतो गं. मग राग कुणावर तरी निघतो.

तो राग माझ्यापुरता कसा गेला, ते सांगते.

2021 चा जानेवारी. वाचनालयात तेव्हा आम्ही एका वेळी दोन-तीनच माणसं आत घ्यायचो, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. एक बाई सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. काखेत बुटांचं खोकं, जाड रबरानं बांधलेलं. झेरॉक्स काढायच्या होत्या. मेक्सिकोच्या ओआहाका भागातली. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये तिकडची पुष्कळ माणसं राहतात. रात्री ऑफिसं झाडायचं काम करायची. तिचं नाव इथं लिहीत नाही, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, हल्ली कागदावर नाव घालायचीच भीती वाटते.

खोक्यात एकेका वर्षाचा गठ्ठा होता. लसीचं पिवळं कार्ड, घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला. घरमालकानं वहीच्या पानावर लिहून दिलेल्या भाड्याच्या पावत्या. प्रगतिपुस्तकं. बालवाडीतलं एक चित्र, कोपऱ्यात बाईंनी तारीख घातलेली. लहानपणी कागदांशिवाय आणलेल्या मुलांना तात्पुरतं राहू देणारी एक सरकारी सवलत आहे, तिच्या अर्जासाठी हे सगळं. नियमच तसा आहे: 15 जून 2007 पासून अर्ज करीपर्यंत मूल याच देशात राहत होतं, हे दाखवावं लागतं. ही मुलगी 2006 साली आली, दोन वर्षांची, आईच्या पाठीला बांधलेली.

मी एकेक पान काचेवर ठेवत होते आणि मुलगी वर्षं मोजत होती. 2008 झालं, 2010 झालं, 2009 चा एकही कागद नाही. मुलगी रडकुंडीला आली. आई मशीनला टेकून डोळे मिटून उभी राहिली. मग तिनं मुलीच्या छातीवर हात ठेवला आणि हळूच काहीतरी बोलली. मुलगी मला म्हणाली, "त्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता म्हणते." तिसऱ्या दिवशी ती बाई एकटीच परत आली, दवाखान्याचं बिल घेऊन. एकरकमी भरायला पैसे नव्हते म्हणून हप्त्यानं फेडलेलं. 11 हप्ते, 11 पावत्या, सगळ्यांवर मुलीचं नाव आणि तारीख. गरिबीपायी झालेल्या त्या पावत्यांनी 2009 भरून निघालं.

त्या रात्री घरी येऊन मी आमची फाइल काढली. चिनूचं लसीचं कार्ड, प्रगतिपुस्तकं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बालवाडीतलं चित्रसुद्धा. तेच सगळं, फक्त प्लास्टिकच्या खिशांत, आणि पहिल्या पानावर व्हिसाचा शिक्का. पाच वर्षांचा चिनू विमानात माझ्या मांडीवर झोपून आला. कुठल्या देशात चाललोय हे ना त्यानं विचारलं होतं, ना त्या पाठीवरच्या पोरीनं.

आता या मुलांसाठीच्या कायद्याचं. या मुलांना कायम राहू द्यावं म्हणून 'ड्रीम अ‍ॅक्ट' नावाचं विधेयक 2001 च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं. डिक डर्बिन डेमोक्रॅट, ऑरिन हॅच रिपब्लिकन, दोघांनी मिळून. त्यावरूनच या मुलांना ड्रीमर म्हणतात. 2010 च्या डिसेंबरात खालच्या सभागृहात ते पास झालं, सिनेटमध्ये पुढं जायला 60 मतं लागत होती, 55 पडली. पाच मतं, मंदा! मग 15 जून 2012 ला ओबामांनी सरकारी हुकमानं एक तात्पुरती सवलत दिली. तिला इथं 'डाका' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. सोळा वर्षांचं होण्याआधी आलेलं, तेव्हा 31 च्या आतलं, शिकलेलं किंवा शिकत असलेलं, गंभीर गुन्हा नसलेलं मूल असेल तर दोन वर्षं हाकलणार नाही, कामाचा परवाना मिळेल. दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा फी. नागरिकत्व नाही, ग्रीन कार्डही नाही. आजवर आठ लाखांहून जास्त मुलांना हा परवाना मिळालाय, 2025 च्या सुरुवातीला तो हातात असलेले सव्वापाच लाखांच्या आसपास.

त्या बाईच्या थोरल्या मुलाला तो 2013 मध्येच मिळाला. धाकटी तेव्हा लहान, अर्जाला साधारणपणे पंधरा पूर्ण लागतात. ती पंधरा वर्षांची होईपर्यंत ट्रम्प सरकारनं 2017 च्या सप्टेंबरात योजनाच बंद केल्याचं जाहीर केलं होतं. 2020 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ते बंद करणं रद्द ठरवलं, आणि डिसेंबरात नव्या अर्जांसाठी दार उघडलं. म्हणून ती बाई भर करोनात खोकं घेऊन धावत आली होती. जुलै 2021 मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायाधीशानं योजना बेकायदा ठरवली. जुन्यांची मुदतवाढ चालू राहिली, नव्यांचे अर्ज आहेत त्या जागी थांबले. तिचा अर्ज अजून तिथंच पडून आहे. चार वर्षं झाली. सगळ्यात धाकटा इथंच जन्मला, तो जन्मानं अमेरिकन. एका घरात, एका ताटातून जेवणारी तीन भावंडं आणि तिघांचं कायद्यात तीन ठिकाणी नाव.

तू साखरशाळेत होतीस ना, तुला हे माझ्याहून लवकर कळेल. बीडकडून आलेली पोरं, कोप्यांतून उठून यायची, कुणाकडं दाखला नाही, जन्मतारखेचा पत्ता नाही, आणि तू म्हणायचीस, आधी बस, नाव मग बघू. पुढं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आलंच की, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. इथं तसाच निकाल 1982 चा आहे. टेक्सासमधल्या टायलर गावची शाळा कागद नसलेल्या मुलांकडं वर्षाला 1000 डॉलर मागत होती. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आईबापांच्या वागण्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, शाळेत घ्या. म्हणून ही मुलगी बारावीपर्यंत शिकली. 2013 पासून आमच्या राज्यात अशा मुलांना कॉलेजची फी इथल्या रहिवाशांइतकीच, 2018 पासून राज्याची मदतही. ती नर्सिंग शिकतेय. पण कामाचा परवाना नाही. पदवी हातात घेऊन तिनं जायचं कुठं?

एक गोष्ट मला फार लागते. या मुलांची बाजू घेणारे पुढारीसुद्धा म्हणतात, "यांची काही चूक नाही, यांना आणलं गेलं." ऐकायला चांगलं आहे. पण मग चूक कुणाची? आईची. ड्रीमर मुलांनीच पुढं हे बोलणं नाकारलं. पहिलं स्वप्न आमच्या आईबापांनी बघितलं, त्यांना गुन्हेगार ठरवून आम्हाला सूट नको, असं ती म्हणू लागली. आयांचं मात्र वेगळंच. 2014 मध्ये ओबामांनी अमेरिकन मुलांच्या आईबापांसाठीही तशी सवलत जाहीर केली होती. कोर्टानं ती सुरू होण्याआधीच अडवली, आणि 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात चार-चार अशी समान मतं पडून ती मेली. म्हणजे या बाईला कुठूनच काही मिळणार नाही. उलट मुलीच्या अर्जावर घरचा पत्ता लिहिला तेव्हा स्वतःचा ठावठिकाणाही तिनं सरकारच्या हाती दिला. मी विचारलं, भीती नाही वाटली? तिनं मुलीच्या तोंडून सांगितलं, "वाटते. पण तिचा कागद आधी."

आणि आपला चिनू. गेल्या वर्षी 21 चा झाला आणि आमच्या अर्जातून गळला. 21 नंतर मूल आईबापांच्या व्हिसावर राहत नाही. वाढदिवसाच्या आधी धावपळ करून त्याला विद्यार्थी व्हिसावर टाकला. सतरा वर्षं इथं राहून तो आता परदेशी विद्यार्थी. मे महिन्यात पदवी झाली, शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करतोय. अशा मुलांना डाकाही लागू नाही, कारण 15 जून 2012 ला ज्यांच्याकडं कायदेशीर कागद होते ती त्यात बसत नाहीत. 2021 च्या मार्चमध्ये खालच्या सभागृहानं 228 विरुद्ध 197 नी एक विधेयक पास केलं होतं. त्यात तिची मुलंही होती आणि चिनूसारखी व्हिसावर वाढलेली मुलंही. सिनेटनं ते हातात घेतलं नाही. पण एकाच कागदावर तिचं-माझं मूल एकदा आलं होतं, ते मी विसरत नाही.

म्हणून मी त्या आयांबरोबर जाते. गेल्या महिन्यात आम्ही नऊ जणी आमच्या खासदाराच्या इथल्या कार्यालयात गेलो. प्रत्येकीला दोन मिनिटं. ओआहाकाची बाई बोललीच नाही, तिनं खोकं टेबलावर ठेवून झाकण काढलं. तिथला तरुण मुलगा पानं उलटत राहिला आणि त्या चित्रापाशी थांबला. आश्वासन काही दिलं नाही त्यानं. खाली उतरून आम्ही सगळ्यांनी तिच्या डब्यातला तामाल खाल्ला, मक्याच्या पिठाचा, मक्याच्याच पानात वाफवलेला. आपले हळदीच्या पानातले पातोळे आठवले मला.

तिनं फोनवर मला एक जुनी चित्रफीत दाखवली. 2013 चा जून, अ‍ॅरिझोनातलं नोगालेस. सरहद्दीचं लोखंडी कुंपण, अलीकडं तीन ड्रीमर मुलं, पलीकडं त्यांच्या आया, कितीतरी वर्षांनी दिसलेल्या. गजांतून हात जेमतेम जातात. एक आई त्या फटीतून मुलीचा चेहरा नुसता चाचपतेय. ही बाई ते बघताना स्वतःच्या मुलीचा दंड धरून बसली होती.

तुझा दुसरा प्रश्न, मला काही होईल का? माहीत नाही, मंदा. ह्यांनाही धाकधूक आहे. फलक धरताना आता मी मागच्या पायरीवर उभी राहते, एवढं त्यांचं ऐकलंय. जाणं सोडणार नाही.

एक काम आहे. चिनूच्या जन्मदाखल्याची नवीन प्रत हवीय, जुन्यावर बाळाचं नावच घातलेलं नाही, नुसतं 'पुरुष'. वकील म्हणतात नाव असलेला आण. दादांना सांगून नाशिक महापालिकेत चौकशी कर. प्रसूतिगृहाची पावती आईच्या कपाटात खालच्या खणात, पितळी डब्यात असेल, तिनं काहीच टाकलेलं नाही. सापडली तर तिचीही झेरॉक्स पाठव.

तुझी,
शैला