ग्रंथपालकाकांना, साडेतीन पुस्तकांबद्दल

ती. ग्रंथपालकाका यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत दापोलीहून मालवणपर्यंत उतरायचं म्हणून ‘कोकणाच्या इतिहासावर काहीतरी चांगलं द्या’ अशी मागणी तुमच्या टेबलाशी आली, तेव्हा तुम्ही कपाटाकडे वळलाच नाहीत. आधी विचारलंत, ‘महिना कुठला?’ मग विचारलंत, ‘मुक्काम कुठल्या तालुक्यात?’ हे आभार मुख्यतः त्या दोन प्रश्नांचे. पुस्तकं कुठेही मिळतात. पत्र वाचनालयाच्या फलकावर लावलंत तर पुढच्या सुट्टीवाल्यांचीही सोय होईल, म्हणून तपशील जरा सैल हाताने लिहिला आहे.

महिन्याचा प्रश्न आधी का, हे तुमच्या कपाटातल्या लोककलांच्या खणापाशी उभं राहिल्यावर समजतं. तिथे सगळं शेजारी शेजारी असतं, गावात मात्र तसं नसतं. रत्नागिरीकडचं नमन आणि घरोघर फिरणारी पालखी शिमग्याची, म्हणजे फाल्गुनातली. जाखडी, ज्याला कुणी बाल्या नाच म्हणतात, तो गौरी-गणपतीतला. सिंधुदुर्गातला दशावतार तुळशीचं लग्न लागून जत्रा सुरू झाल्यावरचा. दिवाळीच्या चार दिवसांत जाऊन परतणाऱ्याची त्याच्याशी थोडक्यात चुकामूक होते. मग दशावताराचं जाड पुस्तक पाठ करून गेलेला माणूस देवळासमोरचा रिकामा मांड बघून परत येतो आणि दोष पुस्तकाला देतो. त्यातही दशावतारी खेळाला छापील संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे वाचून जायचं ते कथेसाठी नव्हे. संकासुर कोण, आड दशावतार कशाला म्हणतात, धयकालो म्हणजे काय, एवढी ओळख पुरते. ती पंधरा-वीस पानांत होते. बाकीचं पुस्तक खेळ पाहून आल्यावर.

तालुक्याचा प्रश्न त्याहून कामाचा. ‘कोकण’ या शब्दाखाली पालघरपासून बांद्यापर्यंत काहीही मावतं आणि सहा दिवसांत त्यातलं एक टोकही नीट बघून होत नाही. शिवाय जिल्ह्यांची नावं मधल्या काळात बदलली, हा खरा घोळ. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला, त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं आणि पालघर तर २०१४चं. म्हणून जुन्या गॅझेटियरात, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सरकारी जिल्हा-माहितीग्रंथात, ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ शोधणाऱ्याला फक्त मालवणचा किल्ला सापडतो. १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. कुलाबा-जंजिरा अकराव्यात, १८८३ सालच्या. दहाव्यातही मालवण आणि वेंगुर्लं रत्नागिरीच्या भागात आहेत, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानाच्या. तासाभराच्या अंतरावरची ही गावं, पण पुस्तकात मधे अख्खं राज्य बदलतं.

नावांचा दुसरा चकवा तुम्ही पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून दिलात. ती चिठ्ठी अशी : ‘मुरूड दोन. जंजिऱ्याचं रायगडात, कर्व्यांचं दापोलीत. कुलाबा दोन. एक मुंबईत, एक अलिबागसमोर. घेरिया म्हणजे विजयदुर्ग. फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे बाणकोट. फोर्ट ऑगस्टस म्हणजे सिंधुदुर्ग.’ यातलं शेवटचं नाव इंग्रजांनी १७६५ साली किल्ला घेतला तेव्हा ठेवलेलं. जुन्या इंग्रजी कागदांचं भाषांतर हाती असेल आणि ही चिठ्ठी नसेल, तर माणूस मालवणच्या धक्क्यावर बसून फोर्ट ऑगस्टस शोधत राहील.

आणि मग ती साडेतीन पुस्तकं. शहाणे साडेतीन, मुहूर्त साडेतीन, तशी सहलीची पुस्तकंही साडेतीनच, हा तुमचा हिशोब ऐकताना गमतीचा वाटतो, पण तो वजनाचा नाही, वेळेचा आहे. नोकरी सांभाळून सहा आठवड्यांत एवढंच होतं : एक त्या काळातलं, एक त्या गावच्या माणसाने लिहिलेलं, एक स्थानिक माहितीपुस्तिका आणि अर्धं गॅझेटियर.

अर्ध्यापासून सांगायचं तर, गॅझेटियर पहिल्या पानापासून वाचायला घेणं ही हमखास फसणारी गोष्ट. माती, पाऊस, पिकं, जमीनमहसूल यांतच माणूस थकतो. रत्नागिरीच्या भागाचं शेवटचं प्रकरण स्थळांचं आहे, गावांच्या नावांच्या अक्षरक्रमाने. आपल्या मार्गावरची आठ-दहा गावं काढायची, तेवढ्याच पानांच्या झेरॉक्स घ्यायच्या, आणि हवं तर इतिहासाचं प्रकरण. तुमची प्रत घरी मिळत नाही हे बरोबरच आहे; पानं वाकवली की कडा तुटतात. दर्शनिका विभागाच्या, म्हणजे गॅझेटियरांच्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर ती फुकट वाचता येते, पण तुमच्याकडच्या प्रतीत समासात कुणीतरी जुन्या वाचकाने केलेल्या दुरुस्त्या आहेत, त्या तिथे नाहीत. एका बाबतीत मात्र तुमच्याशी पटत नाही. लोकसंख्येचं प्रकरण ‘सोडून द्या’ म्हणालात. जातीजातींवर साहेबाने मारलेले शेरे संतापजनक आहेत खरे, पण ते वाचल्याशिवाय बाकीच्या खंडातली माहिती कुणी, कुणाला विचारून गोळा केली याचा अंदाज येत नाही. डोळे उघडे ठेवून का होईना, वाचावं.

त्या काळातलं म्हणून तुम्ही आज्ञापत्र पुढे केलंत. मराठी राज्यकारभाराच्या नीतीवरचं, रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. नाव ऐकून कुणीही दचकेल. पण शेवटची दुर्ग आणि आरमाराची प्रकरणंच वाचायची म्हटल्यावर दोन संध्याकाळी पुरतात. आरमाराच्या प्रकरणातला लाकडाचा परिच्छेद तर मोठ्याने वाचण्यासारखा. गलबतं बांधायला सागवान वगैरे हवं ते हुजूर परवानगीने तोडावं किंवा परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावं. एवढं वाचून आडिवऱ्याच्या किंवा देवगडच्या बागेतून गाडी गेली की कलमांकडे बघण्याची नजर बदलते. त्याआधीचं टोपीकरांचं प्रकरणही घ्या, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. त्यात या गोऱ्या व्यापाऱ्यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नका, आतल्या मोठ्या शहरांत द्या, असं बजावलं आहे आणि उदाहरण राजापूरचं. राजापूरच्या जवाहर चौकात उभं राहिलं की समुद्राचा मागमूस लागत नाही. अमात्यांना काय म्हणायचं होतं ते तिथे पायांना कळतं.

आज्ञापत्राची भाषा अडते ती क्रियापदांना नव्हे, फारसी शब्दांना. म्हणून तळटीपा किंवा शब्दकोश असलेलीच आवृत्ती घ्यायची, नुसती स्वस्त पुनर्मुद्रित नको. हीच काळजी गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ला, त्या सत्तावन्नच्या बंडातल्या प्रवासवर्णनाला. भटजी पेणजवळच्या वरसईचे, म्हणून रायगडात जाणारे ते हटकून मागतात. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते बरंच हात फिरवलेलं, मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. कपाटात दोन्ही शेजारी असतील तर दुसरं उचलायचं.

कालगणनेची चिठ्ठीही जपून ठेवली आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन. पौषाच्या मध्यानंतर जानेवारी लागला की ७९. सिंधुदुर्गाची पायाभरणी शके १५८६, म्हणजे १६६४. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन येतो आणि तोही अरबी शब्दांत, एककाकडून वर चढत. ‘सलास खमसैन मया व अलफ’ असं दिसलं की तीन, पन्नास, शंभर आणि हजार, झाले ११५३. त्यात ५९९ मिळवले की १७५२. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, बदलतो, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० धरायचे. हे ठाऊक नसेल तर पावसाळ्याआधीची मोहीम एक वर्ष मागे जाते आणि मग दोन पुस्तकं एकमेकांना खोटं पाडताहेत असं वाटू लागतं.

गावच्या माणसाने लिहिलेलं पुस्तक निवडताना तुम्ही प्रसिद्धी पाहिली नाहीत, अंतर पाहिलंत. मुक्काम मुरूड-हर्णैकडे तर धोंडो केशव कर्व्यांचं १९१५चं आत्मवृत्त. परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेलेला आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवलेला तो मुलगा याच किनाऱ्यावरचा. दापोलीचा अंतर्भाग बघायचा तर कादंबरीकार श्री. ना. पेंडसे, कारण ते मुर्डीचे. शेवटचा मुक्काम वेंगुर्ल्याकडे वळला तर जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’. ते वाचून आरवलीला गेलं की तिथल्या ग्रामदैवतापुढे, वेतोबापुढे, ठेवलेल्या त्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड पाहून हसू येत नाही, आणि आलंच तर आतल्या माणसासारखं येतं.

कादंबरीचा नकाशा करू नका, हे तुमचं बजावणंही पटलं. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ हाती धरून जगबुडीच्या काठी वाडा शोधत फिरणारे दरवर्षी निघतात म्हणे. त्या दोन खंडांतून घ्यायचं ते खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, आणि त्याची जमीन कसणारं कूळ यांचं नातं. त्याला जोड म्हणून तुम्ही दिलेलं एकच पान पुरेसं होतं : बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९चा. कादंबरीतला खोत रुबाबदार वाटतो तो त्याच्या माजघरातून पाहिल्यावर. अंगणात उभ्या असलेल्या कुळाचं दुसरं पुस्तक सोबत नसेल तर निम्मंच कोकण वाचून होतं.

सगळ्यांत जोखमीची निवड स्थानिक पुस्तिकेची. देवळाबाहेर, जेटीवर, खाणावळीच्या गल्ल्यावर मिळणाऱ्या या चाळीस-पन्नास पानी पुस्तिका टाकाऊ नसतात. गावऱ्हाटी म्हणजे गावच्या देवस्थानाची रीत, बारा-पाच मानकरी, कुठल्या वाडीचा मान कुठला, हे गॅझेटियरमध्ये मिळणार नाही ते इथेच. पण विकत घेण्याआधी एक वाक्य तपासायचं, ही तुमची युक्ती फार आवडली. विजयदुर्गावरची पुस्तिका असेल तर हेलियमचं पान उघडायचं. ‘१८६८ साली लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ असं छापलेलं असेल तर बाकीच्या सनावळ्याही तपासूनच घ्यायच्या. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, पाहिली. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरंच, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली. गावाचा अभिमान खोटा नाही, तीस वर्षांनी चुकला आहे इतकंच.

कातळशिल्पांसाठी, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या चित्रांसाठी, मात्र जुनं काही देऊ नये, असं सुचवावंसं वाटतं. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी इथली बहुतेक चित्रं गेल्या दहा-पंधरा वर्षांत नोंदली गेली. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ती २०२२ साली आली. त्याआधीचं पुस्तक त्यांच्याबद्दल गप्प असेल तर ते लेखकाचं अज्ञान नव्हे. इथे छपाईचं वर्ष आधी बघायचं, लेखकाचं नाव नंतर.

पुस्तकं परत करतोय. एकावर होडीत पाणी उडालं होतं. उन्हात ठेवलं नाही, पानांत कोरे टिपकागद घालून पंख्याखाली दोन दिवस उभं ठेवलं. कड किंचित लाटेसारखी झाली आहे, त्याचा जो काही भुर्दंड असेल तो सांगा. झेरॉक्स तुमच्या चिठ्ठ्यांसकट पाकिटात घातल्या आहेत, पुढच्या कुणाला देता येतील. गॅझेटियरमधली पान-खूण तशीच आहे.

अनामत तुमच्याकडेच राहू द्या. महिना फाल्गुन, तालुका गुहागर.

आपली,
दापोली-मालवण सहलीची मंडळी