पावसाळ्यातला हप्ता

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेलं छोट्या पोकलेनचं कोटेशन मी नीट वाचलं. फोनवर तू मशीनचं बोलतोस, मी हप्त्याचं बोलते आणि दोघांचंही अर्धवट राहतं, म्हणून लिहायला बसले. चाकणचं काम सोडून इकडे स्वतःचं मशीन घ्यायचं, हे मला पटलेलं आहे, ते आधीच सांगते. तुझा हात लिव्हरवर बसलाय, खोदाईतलं तुला कळतं, मग जन्मभर दुसऱ्याच्या मशीनवर का बसायचं? मला खटकतंय ते सोळा लाखांचं कर्ज.

आमच्या पतसंस्थेत मशीनवाल्यांची थकबाकी जुलैत वाढायला लागते आणि दिवाळी झाली की हळूहळू उतरते. माणसं सगळी कष्टाळू, पण पावसात खोदाई होत नाही आणि हप्ता काही थांबत नाही. तू चाकणला राहून इथला पाऊस विसरला नसशील. जून अर्धा झाला की काळ्या रानात मशीन रुतणार, पायाच्या खड्ड्यात पाणी साठणार. सप्टेंबर संपेपर्यंत शहरात तुटलेली गटारं नि ड्रेनेज सोडलं तर काम कुठलं? ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधकामं सुरू होतात. शेतातल्या पाइपलाइनची कामं मात्र ऊस तुटून गेल्याशिवाय निघत नाहीत, कारण उभ्या उसात मशीन घालू कोण देणार? ती कामं फेब्रुवारी ते मे अशी अंगावर येतात, एकदम सगळ्यांनाच मशीन हवं असतं. आणि पैसे? "कारखान्याचं बिल आलं की देतो." लोक बुडवत नाहीत, पण काम मार्चमध्ये आणि पैसे मेमध्ये, हे धरूनच चालायचं. म्हणजे वर्षाचे बारा हप्ते आठ महिन्यांत कमवायचे.

आता हिशोब बघ. सोळा लाख, चार वर्षं, घटत्या शिलकीवर 12 टक्के धरले तर हप्ता 42 हजार 134 रुपये. वर्षाचे झाले 5 लाख 5 हजार. ते आठ महिन्यांवर टाकले की महिन्याला 63 हजार. समजा तासाला हजार रुपये भाडं मिळालं. त्यातून डिझेल साधारण तीन लिटर म्हणजे 280 रुपये, ऑइल-ग्रीस-दुरुस्तीसाठी बाजूला 150, मशीन ने-आण करायला 100. हातात राहिले 470. या हिशोबाने महिन्याला 134 तास मशीन चाललं तर नुसता हप्ता निघतो. पंचवीस दिवस काम मिळालं असं धरलं तरी रोजचे जवळपास साडेपाच तास बँकेचे, आणि त्यानंतरचे तास तुझ्या घरखर्चाचे. एकट्याचा धंदा आहे, बाळा. तुला चार दिवस ताप आला तर लिव्हरवर बसायला दुसरं कुणी नाही.

तेच जुनं चांगलं मशीन बघितलं आणि नऊ लाख कर्ज काढलं तर जुन्या मशीनला व्याज जास्त लागतं नि मुदत कमी मिळते. 14 टक्के आणि तीन वर्षं धर. हप्ता 30 हजार 760. आठ महिन्यांच्या हिशोबाने महिन्याला 46 हजार, म्हणजे 98 तास, रोजचे चारच्या आत. शिवाय तीन वर्षांत मोकळा. मला हे झेपणारं वाटतं.

कोटेशनसोबत फायनान्स कंपनीच्या पोराने "फक्त 8 टक्के" लिहून दिलंय, त्यावर भाळू नकोस. ते फ्लॅट आहे. सोळा लाखांवर चार वर्षं सरसकट 8 टक्के म्हणजे 5 लाख 12 हजार व्याज आणि हप्ता 44 हजार. तू मुद्दल फेडत आलास तरी व्याज पहिल्या दिवशीच्या सोळा लाखांवरच चाललेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर सव्वाचौदाच्या पुढे जातो. वरच्या 12 टक्क्यांच्या हप्त्याशी ताडून बघ, चार वर्षांत 90 हजारांचा फरक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून असल्या कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यायची सक्ती केली आहे. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. तो कागद हातात आल्याशिवाय सही करायची नाही. त्याच बैठकीत विचार, की जुलै ते सप्टेंबर हप्ता कमी आणि उन्हाळ्यात जास्त असं बांधून देता का. मशीनच्या कर्जाला असे हप्ते पाडून देतात, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. तोंड उघडून मागायचं, लाजायचं काय त्यात?

अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावाही बघून ठेव. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांपर्यंत व्याज परत मिळतं. पण त्यांचं पात्रतेचं पत्र आधी काढायचं, कर्ज नंतर, आणि कर्ज बँकेचं लागतं. हप्ता आपण वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यावर येतं. म्हणून तो परतावा हप्त्याच्या हिशोबात धरायचा नाही. आला की पावसाळ्यासाठी बाजूला टाकायचा.

आता मशीनचं. तुझा मामा म्हणतो थ्री डीएक्सच घे, जेसीबीला काम कधी कमी नाही. पण गावागावांत जेसीबी उभे आहेत, एकमेकांचे दर पाडतायत. त्या गर्दीत तू कर्ज काढून कशाला शिरतोस? शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुनी घरं पाडून नवी बांधतायत, बोळात जेसीबी वळत नाही, तिथे अजून माणसं लावून खोदतात. छोट्या मशीनची जागा तिथे आहे. तीन टनी मशीन साधारण दीड मीटर रुंद असतं. दोन टनांच्या आतली काही मशीनं खालच्या चेन, म्हणजे चाकांच्या जागचे पट्टे, आत ओढून एक मीटरपर्यंत होतात, म्हणजे परसात जायला जागा मिळते. मागचा भाग चेनच्या बाहेर न येता फिरणारं मशीन असेल तर भिंतीला खेटून काम करता येतं. ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस.

पण एक गोष्ट तुझ्या कागदात कुठेच नाही: मशीन न्यायचं कशातून? चेनचं मशीन रस्त्याने चालवत नेता येत नाही. तीन टनी मशीन पिकअपमध्ये बसत नाही, आणि टाटा 407 टेम्पोची भारक्षमताही अडीच टनांच्या आसपासच. म्हणजे मोठी गाडी आली, तिचं भाडं किंवा तिचा दुसरा हप्ता आला. दोन टनांच्या आतलं मशीन 407 मध्ये रॅम्प लावून जातं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल दिलाय, 7500 किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर चालवता येते. तेव्हा ड्रायव्हर न ठेवता तूच नेशील. एकट्याच्या धंद्यात हे फार मोठं आहे. म्हणून माझं मत दोन टनांच्या आतल्या मशीनला.

त्याला मर्यादा आहेत. पन्हाळा, गगनबावड्याकडे जांभा लागतो, कुठे काळा कातळ लागतो. तिथे एवढं मशीन ब्रेकर लावून झिजवायचं नाही. ते काम मोठ्या मशीनवाल्याला द्यायचं आणि त्याच्याकडून बोळातली कामं घ्यायची. एक फुटी बादली आणि दोन फुटी बादली, दोन्ही घे. पाइपलाइनला दोन फूट चर काढून कोण कशाला पैसे देईल?

जुनं मशीन बघायला जाशील तेव्हा सकाळी जा आणि आधी कळवून ठेव की इंजिन चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर थंड इंजिनला चालू व्हायला काय त्रास होतो ते त्यांनी लपवलंय. चालू झाल्यावर काळा धूर दोन मिनिटांत गेला तर ठीक, निळा धूर येत राहिला तर परत फीर. मग बादली जमिनीवर टेकव, बूम जरा वर-खाली कर आणि खाली बसून सांध्यातल्या पिनांकडे बघ. बादली जागेवर असताना पिन बुशात हलत असेल तर झीज किती झाली ते डोळ्यांना दिसतं. पिन-बुश उद्यमनगरात होऊन जातात, त्याचा खर्च दरातून कापून घ्यायचा. पण बादली टेकवून मशीन उचललं आणि वरचा भाग खालच्या चेसिसवर डुगडुगला, तर त्याला फिरवणारी रिंग गेली. ते काम आपल्या आवाक्यातलं नाही. सिलेंडरच्या चकचकीत रॉडवर नख फिरव, नख अडकेल असा ओरखडा असेल तर सील टिकणार नाहीत. तास मीटरवर काय लिहिलंय यापेक्षा पेडलचं रबर आणि सीट किती झिजलीय ते बघ.

कागदाचं माझ्यावर सोपव, पण एवढं ध्यानात ठेव. टायरच्या जेसीबीला आरसी बुक असतं, चेनच्या मशीनला नसतं. मालकीचा पुरावा म्हणजे मूळ इनव्हॉइस, त्यावरचा चेसिस नंबर आणि आधीच्या फायनान्सची कर्ज फिटल्याची एनओसी. चेसिस नंबर मशीनवर कोरलेला स्वतः वाचायचा, फोटो माझ्याकडे पाठवायचा. एनओसी उद्या देतो म्हणणाऱ्याला पैसे उद्याच द्यायचे. आणि कंपनी कुठलीही असो, टाटा हिताचीचा कारखाना धारवाडला, ह्युंदाई-सॅनीचे चाकणला, त्यापेक्षा त्या मॉडेलचे फिल्टर, सील आणि चेन कोल्हापुरात कुणाकडे मिळतात ते आधी फोन करून विचार. चार दिवस मशीन उभं राहिलं तर ते चार दिवस कुणी भरून देत नाही.

जीएसटीचं थोडक्यात. नव्या मशीनवर 18 टक्के लागतो. नोंदणी केलीस तर तो वळता करून घेता येतो, पण मग तुलाही प्रत्येक बिलावर 18 टक्के लावावे लागतात. ठेकेदाराला ते चालतं, त्याला परत मिळतात. घर बांधणाऱ्याला आणि शेतकऱ्याला ते खिशातून जातात. तुझी गिऱ्हाइकं बहुतेक घरवाली आणि शेतकरी असतील आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत राहील, तेव्हा पहिल्या वर्षी नोंदणीची घाई नको. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी मात्र लगेच कर, ती फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

विमा काढताना पुराचं संरक्षण आहे का ते वाचून घे. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, मशीन हलवायला रस्ताच उरला नव्हता. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका धरतात. तू 39 ची वाट बघायची नाही. नदीकाठच्या कामावर रात्री मशीन ठेवायचंच नाही. विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीचंही कलम घाल. महावितरणची केबल नाहीतर पाण्याची लाइन तुटली की सगळी गल्ली तुझ्या अंगावर येते.

आणि काळ्या मातीचा उभा चर छातीइतका खोल गेला की त्यात कुणालाही उतरू द्यायचं नाही, पाइप जोडायला सुद्धा. मालक म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे. कडा उतरत्या काढून दे, तासभर जास्त लागला तर लागू दे, भाडं मिळालं नाही तरी चालेल. हे मी हात जोडून सांगते.

पैशाचं म्हणशील तर माझी आवर्त ठेव पूर्ण होतेय, ती डाउन पेमेंटला घे. ती तुझ्यासाठीच होती. पण घर तारण द्यायचं नाही आणि काकांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही. मशीनच नजरगहाण राहू दे. त्यावर जेवढं कर्ज मिळेल तेवढ्यातच बसेल असं मशीन घे. चार हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात टाक आणि ते पासबुक माझ्याकडे ठेव.

इकडे यायच्या आधी एक काम कर. पेठेतले दोन-तीन बांधकामवाले आणि प्लंबर तुला ओळखतात, त्यांना फोन लाव. गेल्या हंगामात बोळात किती ठिकाणी हाताने खोदलं, मजुरी किती गेली, हे विचारून वहीत लिही. ती वही, सिबिलचा रिपोर्ट आणि बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट घेऊन ये. मामा रविवारी मोकळा असतो, सांगलीला एक जुनं मशीन विकायला आहे असं तो म्हणत होता. विकणाऱ्यांना कळवून ठेवते की इंजिन थंड ठेवा.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई