मोडेम लागला, त्याबद्दल आभार

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी तीन आठवडे लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या संगणकप्रणालीवर) इंटरनेट लागत नव्हतं. जुना मोडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र) संगणकाच्या आत बसवायच्या कार्डाचा, निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोडणारा. लिनक्सला तो ओळखताच येईना. तापकीर गल्लीतल्या एका दुकानदारकाकांनी महागाचं काही गळ्यात न मारता सांगितलं, "सिरीयल पोर्टला लावायचा बाहेरचा घ्या, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही." काका, तुमचे आभार.

तो आणला, दिवे लागले, तरी डब्ल्यूव्हीडायल, म्हणजे लिनक्सवर नंबर लावणारा प्रोग्राम, दर वेळी 'नो डायलटोन' म्हणायचं. रिसीव्हर कानाला लावावा तर टोन स्वच्छ! शेवटी ओळखीतून नंबर मिळालेल्या एका दादांनी रात्री साडेदहाला फोनवर माझ्याकडून सेटिंगची फाइल ओळीओळीने वाचून घेतली. "इथला टोन त्याला कळत नाहीये. एटीएक्स३ ही मोडेमची आज्ञा लिही, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर लावेल." फोन ठेवला, एवढंच लिहिलं. नंबरचे सूर, मग ती किर्र शीळ, आणि कनेक्ट! आई पोळी तव्यावर टाकून बघायला आली.

दादा, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.