दोरी ओढू न देणाऱ्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, रामकृष्णहरी.

होडीचं इंजिन वाचवल्याबद्दल आभार मानायला दोनदा दुकानावर आलो. दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, सरक तिकडं, उजेड अडवू नको" म्हणून हाकलून दिलं. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातू वाचून दाखवील, तेवढा वेळ तरी हातातला पाना खाली ठेवा.

सप्टेंबर 2025 च्या पावसात सिंदफणेनं काय काय वाहून आणलं, ते माजलगावकरांना सांगायची गरज नाही. दिवाळी तोंडावर आली तरी धरणात बाभळीची खोडं तरंगत होती. पार वरही येत नव्हती आणि तळालाही बसत नव्हती. पहाटे जाळी काढायला निघालो आणि अंधारात अशाच एका खोडावर इंजिनाचा पंखा आपटला. होडीच्या मागच्या फळीवर इंजिन ज्या क्लॅम्पनं धरलेलं असतं, त्याचे स्क्रू मी आठ दिवसांत आवळले नव्हते. चूक माझीच. इंजिन उसळलं, फळीवरून सुटलं आणि चालू असतानाच पाण्यात गेलं. साखळी बांधलेली होती म्हणून लटकत राहिलं, नाहीतर आज गाळात असतं. 15 हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. कोकणातून जुनं आणलेलं, आणि त्याचे हप्ते फिटून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

काठावर आणलं आणि माझा हात आपोआप इंजिन सुरू करायच्या दोरीकडं गेला. दोन झटके द्यावेत, पाणी उडून जाईल, असं वाटलं. तेवढ्यात चुलतभावानं तुम्हाला फोन लावला होता. स्पीकरवर तुमचा आवाज आला, "दोरीला हात लावलास तर माझ्या दुकानाची पायरी चढू नको." आणि पुढं जे सांगितलंत ते ऐकून मला वाटलं, म्हाताऱ्याची झोप झालेली नाही. म्हणालात, इंजिन परत पाण्यात घाल.

आता कळतं. ओलं लोखंड उघड्यावर आलं की हवेनं गंज चढायला लागतो, चांगल्या पाण्यात बुडालेलं राहिलं तर तेवढा वेळ मिळतो. त्या दिवशी मात्र टेम्पोत पाण्याचं बॅरल, बॅरलमध्ये डोकं खाली अन् पाय वर केलेलं इंजिन, आणि ते धरून उभा मी, अशी वरात माजलगावच्या बाजारातून गेली. अजून लोक विचारतात, "शीर्षासन संपलं का?"

वाटेतच शहरातल्या एका दुकानाला फोन केला होता. त्यांनी इंजिन न बघताच सांगितलं, "चालू असताना बुडालं ना? मग पिस्टनचा रॉड वाकलाच. नवं घ्या." नवं म्हणजे लाखाच्या वरचा आकडा. पतसंस्थेचा फॉर्म मी आणून खिशात ठेवला होता, मामा. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या दुकानात फवारणीचे पंप, कडबाकुट्टीच्या मोटारी आणि कोपऱ्यात एक जुनी राजदूत मोटारसायकल. होडीचं इंजिन तुम्ही आयुष्यात उघडलं नव्हतं. टोप काढला, दोन मिनिटं नुसतं बघत बसलात आणि म्हणालात, "दोन राजदूत एकावर एक निजवल्यात, दुसरं काय." तिथंच माझा जीव जरा खाली बसला.

दोन्ही प्लग काढले. इंजिन आडवं करून, भोकं जमिनीकडं धरून, चाक हातानं हळूहळू फिरवलंत. पिचकारीसारखं पाणी बाहेर आलं, त्यात बाभळीचं एक पान. तुम्ही समजावून सांगितलंत: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना दोरी ओढली की पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग वाकायचं ते रॉडलाच वाकावं लागतं. चालू असताना वाकला नसता, तर मी काठावर बसून दोरीनं वाकवला असता.

पण वाकला होता की नाही, हे बघायला तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. सायकलचा एक स्पोक घेतलात. प्लगच्या भोकातून आत सोडलात, पिस्टन पार वर आणलात आणि भोकाच्या तोंडाशी स्पोकला काळा दोरा बांधलात. मग तोच स्पोक दुसऱ्या सिलिंडरमध्ये. रॉड वाकलेला असेल तर तो पिस्टन खाली राहणार आणि दोरा आत बुडणार. दुकानात कुणी बोलत नव्हतं. दोरा बरोबर तोंडाशी थांबला. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही, फक्त "फाड तो फॉर्म" म्हणालात. खिशातून कागद डोकावत होता म्हणे.

लगेच कार्बोरेटर धुतला, सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं आणि त्याच दुपारी इंजिन बॅरलमध्ये चालवून आतून सुकवलंत. खालच्या गिअरबॉक्सचं गाऱ्हाणं वेगळं होतं. बोल्ट काढला तर ऑइलच्या जागी ताक आलं, म्हणजे सील फाटून पाणी शिरलेलं. व्हर्निअरनं माप घेऊन तसलीच सील बेअरिंगच्या दुकानातून मागवलीत. पंख्याचं एक पातं तुटलं होतं, ते मी वेल्डिंग करून घेऊ म्हटलं. तिथं मात्र तुम्ही ऐकलं नाहीत. वजन सारखं राहत नाही, इंजिन थरथरतं आणि नवी सील महिन्यात जाते. पंखा नवाच आणायला लावलात, सोबत इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाकही. त्याची पाती पापडासारखी कडक झाली होती.

सुटे भाग मुंबईहून आले तेव्हा कार्तिकीला दोन दिवस उरले होते. तुमची पिशवी भरलेली, तरी बसलात. बॅरलच्या काठाला इंजिन लावलं, तिसऱ्या दोरीला सुरू झालं, सगळी गल्ली धुरानं भरली. मागच्या भोकातून पाण्याची धार पडायला लागली, तुम्ही तिच्याखाली तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "कोमट आहे. जा."

मजुरी सांगितलीत बाराशे. मला लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चांगल्या मरळ घेऊन आलो, अजून तडफडत होत्या. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ मला इतके दिवस दिसली नव्हती असं नाही, पण डोकं चाललं नाही. तुम्ही हसलात तेवढंच. मामी मात्र हसल्या नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेलीय, ती इथं मागतो.

पेट्रोलमध्ये ऑइल आता अंदाजानं ओतत नाही. लिटरला 20 मिली, औषधाच्या झाकणानं मोजून. काम संपलं की पेट्रोलची नळी काढतो आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू देतो, इथेनॉलचं पेट्रोल आत साचू देत नाही. स्क्रू रोज आवळतो. स्पोक मी तुमच्या टेबलावरून उचलून आणला, तो होडीच्या पेटीत आहे, दोऱ्यासकट. परत मिळणार नाही.

आणि तुम्ही म्हणाला होतात, साठ वर्षं धरणाच्या गावात काढली पण होडीत कधी बसलो नाही, पाण्याची भीती वाटते. लाइफ जॅकेट दोन आहेत. मामींनाही आणा. एकादशी सोडून कोणताही वार सांगा, त्या दिवशी होडी धुऊन काढतो, माशाचा वास येणार नाही.