मळ्यातली विहीर आणि तुझी ती कादंबरी

सांगली,
रविवार, रात्री साडेबारा

विजे,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरी आहेस ना', त्याबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर पत्र संपल्यावर दे. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू.

दिवाळीत तू इथं विसरलेली (की मुद्दाम ठेवलेली?) ती इंग्रजी कादंबरी परवा संपवली. सहाशेवर पानं! सुरुवातीला तुझ्या आवडीची कीव आली, नंतर दोनदा डाळ करपली. कॅलिफोर्नियातली ती बाई कुत्र्याला फिरवायला निघते आणि स्वतःच्याच सावलीला दचकते. मग आरशाला. मग आपल्याच हातून कुणाचा तरी जीव जाईल म्हणून घरातल्या सुऱ्या टाकून देते. तिच्या मैत्रिणीला उंबरठा ओलांडवत नाही. आणि या भित्या त्यांच्या नव्हेतच, डॉक्टरनं पेरलेल्या! एक नाव उच्चारायचं, मग हायकू म्हणायचा, की माणसाचं बाहुलं. आपण शिरीष पैंचे हायकू वहीत उतरवून शेजारी फुलं काढायचो, या मेल्यानं त्याचं काय केलं बघ. शेवटची पळापळ मी चाळली, खरं सांगते.

म्हटलं, भीती अशी पेरता येते होय? म्हणून जरा शोधलं. १९२० साली अमेरिकेत वॉटसन नावाच्या माणसानं अकरा महिन्यांच्या बाळापुढं पांढरा उंदीर सोडला. बाळानं हात पुढं केला की पाठीमागं लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. पुढं ते पोर नुसत्या उंदराला बघून रडायला लागलं, मग सशालाही. सीआयएनं तर १९५३ पासून मनाचा ताबा घ्यायचे प्रयोग चालवले आणि १९७३ मध्ये त्याचे कागद नष्ट केले. आमच्या हापिसात फायली उंदरांनी खाल्ल्या म्हणायचे, तसंच.

इथवर करमणूक होती. गेल्या रविवारी दादा जेवायला आला. पोरांना मी नेहमीची गोष्ट सांगत होते: विजीनं मला मळ्यातल्या विहिरीत कसं ढकललं, आणि म्हणून मला अजून गच्चीवरच्या टाकीचं झाकणसुद्धा कसं उघडवत नाही. दादानं भाताचा घास तसाच धरला आणि म्हणाला, "तू कुठं होतीस मळ्यात? त्या मे महिन्यात तुला कांजिण्या आल्या होत्या. लिंबाच्या पाल्यावर पडून होतीस."

विजे, घास घशाखाली उतरेना माझ्या.

दादाचं काय घेऊन बसलीस, म्हणशील. लग्नाची तारीख वहिनीला विचारणारा माणूस. खरं आहे. पण लॉफ्टस नावाच्या बाईंनी १९९५ साली छापलेला एक प्रयोग वाचल्यापासून मला झोप नाही. लहानपणी तू बाजारात हरवली होतीस, असं खोटंच, पण घरच्यांकडून कळलंय म्हणून सांगायचं. २४ जणांपैकी सहा जण शेवटपर्यंत म्हणत राहिले, हो, आठवतंय थोडं. त्यांना ना कुणी हायकू म्हटला, ना हातोडा हाणला. नुसतं सांगितलं.

मग मी माझी आठवण नीट काढून बघितली. पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा, त्याची काखेत काचणारी दोरी, पायरीवरचं शेवाळ. हे सगळं आहे. पण पाण्यात पडताना मला दिसतो तो लाल परकर, घोळ फुगून वर आलेला. वरून दिसतो, विहिरीच्या काठाशी, धावेवर उभं राहून बघावं तसा. पडणाऱ्याला स्वतःची पाठ कशी दिसेल गं? जुन्या आठवणी अशा बाहेरून दिसतात म्हणे बऱ्याचदा. असेल. पण लाल परकर माझा नव्हता. माझ्याकडं हिरवा होता, आत्याचा, आखूड केलेला.

आठवीत मी सव्वा वर्ष तुझ्याशी बोलले नाही. तुझी कंपासपेटी शिपायाकरवी परत पाठवली, त्यातलं खोडरबर ठेवून घेऊन. (खोडरबर तूच चोरलं होतंस, या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे.) आधी तू "मी नाही ढकललं" म्हणत होतीस. मग एक दिवस नळावर येऊन म्हणालीस, "बरं बाई, ढकललं असेल." मी ते कबुलीजबाब म्हणून धरून ठेवलं. आता वाटतं, तुला नुसती मी परत हवी होते.

श्रीकांतरावांचा निरोप समारंभ छान झाला, फोटो बघितले, शाल जरा भडकच. पिंकीचं कॅनडाचं काय ठरलं? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना नमस्कार.

मला आता एवढंच सांग. काकूंना विचार हवं तर, त्यांना आठवेल. लाल परकर तुझा होता का? तुझा असेल, तर मामांनी कुणाला बाहेर काढलं होतं? आणि मी कांजिण्यांनी घरात होते, की धावेवर तुझ्या मागं उभी होते?

फोन करू नकोस. पोरं आजूबाजूला असतात. लिहून पाठव.

तुझी,
कुमी

ता. क. पुस्तक परत देणार नाही. खोडरबरासारखंच समज.